‘सिरियस’ म्हणजे जिवंत

“बॉडी केव्हापर्यंत भेटेल, डॉक्टर साहेब? ट्रक खाली उभा आहे.”

सर्जिकल वॉर्डाच्या व्हरांड्यात आठ-नऊ पुरुष माझ्यासमोर उभे होते. सगळे अनवाणी. खांद्यावर पंचे, डोळे लाल. एकाच्या हातात कोरं मडकं होतं, दुसऱ्याच्या काखेत पांढऱ्या कापडाची घडी. बोलणारे गृहस्थ पन्नाशीचे. टोपी काढून त्यांनी दोन्ही हातांत धरली होती.

“कोणाची बॉडी?” मी विचारलं.

“आमच्या वामनची. देपालपूरचे मास्तर, वामनराव. मी त्याचा मोठा भाऊ, रघुनाथ.”

मी नुकतीच वामनरावांच्या बेडपासून उठून आले होते. त्यांची नाडी पाहिली होती. नाडी धावत होती, पण होती. सकाळपासून दोनदा त्यांनी मला विचारलं होतं, “घरचं कोणी आलं का हो?”

“अहो, ते जिवंत आहेत,” मी म्हणाले.

रघुनाथरावांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, “नवीन दिसतात. मोठ्या डॉक्टरला विचारू.”

मी नवीन होतेच. हाऊस सर्जन, म्हणजे डॉक्टरीची परीक्षा पास झालेली, पण अजून कोणीही चार गोष्टी सुनवाव्यात अशी. तरी जिवंत माणूस आणि मेलेला माणूस यांतला फरक मला कळत होता. आणि एवढी माणसं एका जिवंत माणसाला न्यायला मडकं घेऊन आली होती. मला वाटलं, हे चुकीच्या वॉर्डात आलेत. नाव पुन्हा विचारलं, गाव विचारलं, शाळा विचारली. सगळं जुळलं.

आदल्या दिवशी काय झालं होतं ते सांगते.

मध्य प्रदेश नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. आमच्या सरकारी हॉस्पिटलातल्या केसपेपरवर अजून ‘मध्य भारत’ छापलेलं असायचं आणि वॉर्ड-क्लार्क दुबेजी ते लाल पेन्सिलीनं खोडून वर नवं नाव लिहायचे. उन्हाळ्याची सुटी लागली होती. वामनराव बोर्डाच्या कॉप्या तपासायला इंदूरला आले होते. कॉप्या म्हणजे उत्तरपत्रिका, इंदुरात त्याला तसंच म्हणतात. तपासता तपासता त्यांना रक्ताची उलटी झाली. बरोबरच्या मास्तरांनी टांग्यात घालून आणलं आणि केसपेपरवर गावचा पत्ता लिहून दिला.

जठराच्या पुढे आतडं सुरू होतं, तिथे काही माणसांना जखम होते. तिला अल्सर म्हणतात. ती जखम खोल जात जात रक्तवाहिनीपर्यंत पोचली की आतल्या आत रक्त वाहायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. माणूस नुसता पांढरा पडत जातो, घाम येतो, तहान लागते, नाडी पळायला लागते. वामनरावांचं हे सगळं चालू होतं.

आमचे चीफ होते बर्वे सर. कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते लागायचं. त्यांनी वामनरावांचं पोट दाबून पाहिलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि मला बाजूला घेतलं.

“कांबळे, हा माणूस ऑपरेशननं वाचेल. पण रक्ताशिवाय पोट उघडलं तर टेबलावरच जाईल. फ्रिजमध्ये किती आहे?”

“दोन बाटल्या, सर.”

“त्या आत्ता लावा. ऑपरेशनला निदान दोन आणखी हव्यात. घरच्यांना बोलवा.”

आज ब्लड बँकेत जाऊन चिठ्ठी दिली की पिशवी मिळते. तेव्हा बँक म्हणजे एक फ्रिज आणि एक टेक्निशियन. रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो अशी लोकांची पक्की समजूत होती. आमचे मेडिकलचे विद्यार्थी अडीनडीला द्यायचे, ते सुटीत घरोघर गेलेले. पैसे घेऊन रक्त देणारा एक गृहस्थ होता, त्याचं नुकतंच काढलं होतं. माझा गट वामनरावांच्या गटाशी जुळत नव्हता. राहता राहिले नातेवाईक.

मी केसपेपरवर लाल शाईत ‘सिरियस’ लिहिलं आणि दुबेजींना म्हणाले, “देपालपूरला तार करा.”

या शब्दाबद्दल माझ्या मनात काही शंका असण्याचं कारणच नव्हतं. माझे वडील महूला मिलिटरी हॉस्पिटलात क्लार्क होते. तिथे दोन याद्या असायच्या. एक ‘सिरियसली इल लिस्ट’, दुसरी ‘डेंजरसली इल लिस्ट’. पहिल्या यादीत नाव गेलं की घरी कळवायचं. दुसरीत गेलं की घरच्यांना बोलवूनच घ्यायचं. आणि तिसरी तार वेगळी, तिच्यात सरळ लिहिलेलं असायचं की तुमचा मुलगा गेला. जेवताना वडील आईला सांगायचे, “आज एक पोरगा खालच्या यादीतून वरच्या यादीत आला,” आणि आई हात जोडायची. ‘सिरियस’ हा शब्द मी अशा घरात शिकले. जीव धोक्यात आहे, पण आहे. डॉक्टरी शिकताना आमच्या प्राध्यापकांनीही हाच अर्थ सांगितला.

दुबेजींच्या टेबलावर काचेखाली तारेचा मजकूर वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला होता. ‘पेशंट सिरियस, कम इमिजिएटली.’ फक्त पत्ता बदलायचा. त्यांनी तार पाठवली. देपालपूर काही लंकेत नाही. तार दुपारी मिळाली असती तर संध्याकाळच्या बसनं माणसं यायला हवी होती. बस आली, गेली. कोणी आलं नाही.

बर्वे सरांनी संध्याकाळी विचारलं, “आले?”

“नाही, सर.”

“कसले नातेवाईक आहेत!” ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. मास्तर एकटेच दाराकडे डोळे लावून पडले होते आणि त्यांच्या माणसांचा मला मनापासून राग आला होता.

आणि आता ही माणसं आली होती. मडकं घेऊन.

मी रघुनाथरावांचा हात धरला. तेव्हा कोणा परपुरुषाचा असा हात धरणं माझ्या रीतीत बसणारं नव्हतं, पण बोलून काही उपयोग होत नव्हता. “चला माझ्याबरोबर. तुम्ही एकटे चला. ते मडकं खाली ठेवा, आणि ते कापड त्यांच्या नजरेला पडू देऊ नका.”

वामनराव डोळे मिटून पडले होते. पांढरी चादर छातीपर्यंत. रघुनाथराव पायथ्याशी थबकले. मी काही बोलायच्या आत ते वाकले आणि त्यांनी चादरीखाली हात घालून भावाचे तळवे धरले. तसेच धरून राहिले. मग एकदम ओरडले, “पाय गरम आहेत हो!”

सगळा वॉर्ड वळून पाहायला लागला. वामनरावांनी डोळे उघडले.

“दादा? इतका उशीर केलास?”

रघुनाथरावांनी तळवे सोडले नाहीत. म्हणाले, “बस चुकली रे.” आणि पंचा तोंडात कोंबून बाहेर पळाले.

व्हरांड्यात त्यांना मी स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं की ते गेले?”

“तुम्हीच ना! तार नाही का केली?”

“तारेत सिरियस लिहिलं होतं.”

“मग तेच तर!” ते म्हणाले. “सिरियसच लिहिलं होतं.”

हळूहळू सगळा प्रकार बाहेर आला. तार आली तेव्हा ती वाचायला गावातल्या वकिलांकडे नेली, इंग्रजी त्यांनाच येत होतं. वकिलांनी वाचली. डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “सिरियस आहे. तयारी करा.” तेवढ्यावर सगळ्यांना सगळं कळलं. कारण त्या काळी मेल्याची तार कोणी ‘मेला’ असं लिहून करतच नव्हतं. वाचणारा जागच्या जागी कोसळेल, प्रवासात त्याला सांभाळणार कोण, म्हणून लिहायचं ‘सिरियस’. रडायचं ते घरी पोचल्यावर. वर्षानुवर्षं सगळ्यांनी एकमेकांवर ही दया केली होती. आता गावात सिरियसची तार आली की चूल विझायची.

वामनरावांच्या घरीही विझली होती. कालपासून कोणी अन्नाला शिवलं नव्हतं. बस का धरली नाही, तर बसमध्ये प्रेत घेत नाहीत. म्हणून मंडीतल्या धान्याच्या ट्रकवाल्याला गाठलं. त्याचा ट्रक सकाळी रिकामा होणार होता. धारला दिलेल्या बहिणीलाही निरोप गेला होता. तिची वाट पाहिली. आम्ही इकडे रक्तासाठी एकेक घटका मोजत होतो आणि तिकडे ही माणसं सगळं रीतसर करत होती.

मी तडक दुबेजींच्या टेबलाशी गेले.

“दुबेजी, तारेतल्या सिरियसचा अर्थ लोक काय घेतात?”

“चल बसे, और क्या,” दुबेजी म्हणाले. म्हणजे माणूस गेला. पेन्सिलीनं ‘मध्य भारत’ खोडणं थांबलंसुद्धा नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सबको मालूम है, डॉक्टर साहब. ज़िंदा हो तो आदमी दौड़ाते हैं, तार थोड़ी करते हैं.”

“मग तुम्ही तेच का लिहिलं?”

“फॉरमॅट है ना जी,” ते म्हणाले आणि काचेवर बोट ठेवलं.

मी सिस्टरना विचारलं, त्यांनाही माहीत होतं. टेक्निशियनला माहीत होतं. खालच्या पानवाल्यालाही माहीत असणार. सगळ्या इंदुरात ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हा डॉक्टरांना, आणि तारेसाठी तो शब्द आम्हीच देत होतो. याआधी या मजकुरानं किती घरांत चुली विझल्या असतील, किती माणसं उगाच एक दिवस उशिरा आली असतील, असं मनात आलं. पण त्या वेळी त्यावर रडत बसायला सवड नव्हती. आत एक माणूस रिकामा होत होता.

बर्वे सरांना सांगितलं. ते म्हणाले, “आले ना? मग रक्त घ्या. शोक नंतर.”

मी व्हरांड्यात आले आणि मोठ्यानं म्हणाले, “मास्तर जिवंत आहेत. त्यांना रक्त हवंय. कोण देणार?”

खरं सांगते, खांदा द्यायला जी माणसं वीस-पंचवीस मैल ट्रकमध्ये उभी राहून आली होती, ती एका क्षणात पातळ झाली. एकजण म्हणाला ट्रक बघून येतो. एकाला लघवीला लागली. एकाला तब्येत बरी नसल्याचं आठवलं. मला इतका संताप आला की मी म्हणाले, “मेल्यावर खांदा द्याल आणि जिवंतपणी बाटली देणार नाही? वा रे सोयरे!” चार जण शरमेनं उभे राहिले. रघुनाथराव त्यांत पहिले.

पण ते उपाशी होते. उपाशी माणसाचं रक्त काढलं की तो हमखास चक्कर येऊन पडतो. मी समोरच्या दुकानातून पोहे आणि जिलबी मागवली. पुडे समोर आले तरी कोणी हात लावेना. रघुनाथराव अवघडून म्हणाले, “अग्नी दिल्याशिवाय कसं खायचं?”

“अग्नी कोणाला देताय?” मी ओरडले. “खा मुकाट्यानं!”

त्यांनी खाल्लं. अंत्ययात्रेला निघालेली माणसं हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ओळीनं बसून पोहे-जिलबी खाताहेत, बाजूला कोरं मडकं, आणि खाता खाता एकाला हसू फुटलं, मग दुसऱ्याला, आणि मग हसता हसता सगळे रडायला लागले. असं दृश्य मी पुढे कधी पाहिलं नाही.

चौघांपैकी एकाचाच गट जुळला. वामनरावांच्या शाळेतल्या ड्रिल मास्तरांचा. रघुनाथराव भाऊ असूनही त्यांचा जुळला नाही. ते इतके खचले की मला त्यांचं सांत्वन करावं लागलं. एक बाटली झाली. दुसरी हवी होती. त्याचबरोबर ऑपरेशनची संमती हवी होती. संमती म्हणजे जवळच्या नातेवाइकाची सही. मी रघुनाथरावांपुढे फॉर्म धरला आणि सहज विचारलं, “मास्तरांच्या पत्नी? त्यांना नाही आणलं?”

“आली आहे ना. ट्रकमध्ये बसली आहे, आत्याबरोबर. ऐकेचना. म्हणे, मला एकदा तोंड पाहू द्या.”

“त्यांना सांगितलंत ना?”

रघुनाथरावांचा सही करणारा हात थांबला.

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एवढ्या पुरुषांनी पोहे खाल्ले, रडले, हसले, त्यातला एक ट्रक बघायलासुद्धा गेला. आणि त्या ट्रकमध्ये बसलेल्या बाईला तिचा नवरा जिवंत आहे हे सांगायचं कोणालाही सुचलं नाही. त्या दिवशी मला जे अनेक धक्के बसले त्यांतला हा सगळ्यांत मोठा. तो अजून ओसरलेला नाही.

मी जिना उतरून धावत खाली गेले. ट्रकच्या फळीवर धान्याचा भुसा पसरलेला होता. बाजूला बांबू आणि कडबा. त्यात एक बाई डोक्यावरून पदर घेऊन ट्रकच्या बाजूच्या फळ्यांकडे तोंड करून बसली होती. तिशीची असेल. शेजारी पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या आत्याबाई तिच्या पाठीवर हात ठेवून होत्या.

“बाई, तुमचे यजमान जिवंत आहेत,” मी म्हणाले. “मी त्यांची डॉक्टर. आत्ता त्यांच्याशी बोलून आले.”

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ती बाई, सुशीलाबाई, हळूहळू वळली. कपाळ कोरं. तिनं माझ्याकडे पाहिलं, रडली नाही, ओरडली नाही. पदराखालून दोन्ही हात काढून माझ्यासमोर धरले. मोकळे हात. मनगटांवर काचेचे ताजे ओरखडे.

“मग हे काय?” ती म्हणाली.

मी कपाळावर कुंकू न लावणारी, घड्याळाशिवाय हातात काही न घालणारी मुलगी. तरी ते हात मी माझ्या हातांत घेतले आणि ओरखडे खोल आहेत का ते पाहिलं.

आत्याबाईच बोलल्या. “मी केलं, डॉक्टरीणबाई. मला वाटलं, इथे परक्या गावात, चार पुरुषांत होण्यापेक्षा घरात झालेलं बरं. माझं झालं होतं ना तसं, रस्त्यात. म्हणून म्हटलं हिचं तसं नको.” आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या. त्या दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनीही दयाच केली होती.

“मला त्यांना बघू द्या,” सुशीलाबाई म्हणाली.

“अशी जाऊ नकोस गं!” आत्याबाईंनी तिचा पदर धरला. “अशा कपाळानं त्याच्यासमोर उभी राहशील? त्याच्या छातीत धस्स होईल.”

डॉक्टर म्हणून मला आत्याबाईंचं पटलं. रक्त गेलेल्या माणसाला तसा धक्का द्यायची माझी तयारी नव्हती. मी म्हणाले, “आत जाण्याआधी एक काम आहे. त्यांना रक्त हवंय. तुमचं तपासू?”

“सगळं घ्या,” ती म्हणाली.

“सगळं नको, एक बाटली पुरे. पण आधी खायला हवं.”

मी वरून पोहे मागवले. आत्याबाई काही तरी बोलू लागल्या, पण सुशीलाबाईनं पुडा हातात घेतला आणि त्या ट्रकमध्ये, कडब्याला टेकून, एकेक घास नीट चावून सगळे पोहे संपवले. खाण्यात चव नव्हती. औषध घ्यावं तसं ती खात होती.

तिचा गट जुळला. बारीक बाई, मला काळजी वाटत होती, पण तिच्या रक्ताची तपासणी ठीक आली. साइड रूममध्ये टेबलावर तिला झोपवलं. सुई टोचताना तिनं मान वळवली नाही. बाटलीत रक्त उतरताना एकटक बघत होती. “हे त्यांनाच लावणार ना?” तिनं विचारलं.

“त्यांनाच.”

“मग चांगलं भरू द्या.”

बर्वे सरांनी दुपारी पोट उघडलं. मी असिस्ट करत होते. रक्तवाहिनीला टाका घातला आणि जखमेचा भाग काढून टाकला. मध्ये एकदा प्रेशर इतकं खाली गेलं की भूल देणारे डॉक्टर नुसतं “सर” एवढंच म्हणाले. सरांनी मान वर न करता सांगितलं, “दुसरी बाटली सुरू करा.” ती सुशीलाबाईची होती. ती अर्धी गेल्यावर प्रेशर चढू लागलं. टाके घालून झाल्यावर सर हातमोजे काढत म्हणाले, “कांबळे, सकाळी आणखी तासभर उशीर झाला असता तर ते मडकं फुकट गेलं नसतं.” सरांचा विनोद असाच असायचा. मला हसू आलं नाही.

बाहेर वेगळाच खल चालू होता. एकदा पुसलेलं कुंकू परत लावायचं कसं? कोणी म्हणालं, शास्त्र्याला विचारा, काही विधी असतो. आत्याबाई म्हणत होत्या, एवढे लोक रडले, आता उलट आयुष्य वाढलं त्याचं, पण तरी विचारलेलं बरं. रघुनाथराव शास्त्र्याचा पत्ता शोधायला निघाले होते. सुशीलाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. मी ‘ऑपरेशन चांगलं झालं’ म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं हात जोडले, उठली आणि कोणाला न विचारता चालायला लागली. घटकाभरानं परत आली ती दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरून आणि कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. शास्त्री राहिला बाजूला. मग तिला मी वामनरावांजवळ नेलं. ते भुलीत होते. ती पलंगाशी उभी राहिली, आणि तेव्हा कुठे रडली.

वामनराव चांगले सुधारले. त्यांना मधल्या प्रकाराबद्दल कोणी काही बोलायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं होतं. मीही गप्प होते. टाके निघाले, डिस्चार्जचा दिवस आला. ट्रंक बांधलेली, टांगा खाली उभा. मी पथ्यपाणी समजावून सांगत होते आणि वामनरावांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते बायकोच्या हाताकडे पाहत होते.

“तुझ्या लाल होत्या ना? मी इंदूरला निघालो तेव्हा? या हिरव्या केव्हा भरल्यास?”

आत्याबाईंनी घाईघाईनं उत्तर दिलं, “अरे, जुन्या वाढल्या.”

आपल्याकडे बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही. सवाष्णीची बांगडी नेहमी वाढते. वामनरावांनी मान हलवली. विषय तिथेच संपला असता.

“वाढल्या नाहीत,” सुशीलाबाई म्हणाली. “फोडल्या.”

आत्याबाई दचकल्या. “अगं, असं बोलू नये!”

“मग कसं बोलू, आत्याबाई?” तिचा आवाज चढलेला नव्हता. “सगळे गोडच बोलत होते. डॉक्टरांनी गोड लिहिलं, वकिलांनी गोड वाचलं, तुम्ही मला गोड समजावलं. हे इथे दाराकडे बघत पडले होते आणि आम्ही घरी यांना रडत होतो. गोड बोलण्यापायी हे मरत होते.”

वामनरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. रघुनाथरावांनी मान खाली घातली, आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तरांना सगळं कळलं. मग ते पलंगावरून उठले, बायकोला म्हणाले, “चल,” आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांच्या पुढे चालू लागले. आत्याबाईंसमोर असं करायची त्या घरात रीत नसावी, कारण मागची सगळी मंडळी खिळून राहिली.

आम्ही डॉक्टरांनी गोड लिहिलं नव्हतं, आम्ही अचूक लिहिलं होतं. हे मला तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तिच्या हाताकडे बघून ते सांगण्यात काही अर्थ नव्हता.

दुबेजींच्या काचेखालचा कागद मी काढून टाकला. पुढच्या वेळी तारेचा मजकूर मीच लिहिला आणि घरी जाताना स्वतः तारघरात नेऊन दिला. ‘पेशंट अलाइव्ह, नीड्स ब्लड, कम इमिजिएटली.’ खिडकीतल्या बाबूनं शब्द मोजले आणि मला समजावलं, “मॅडम, ये अलाइव्ह काट दो. ज़िंदा है तभी तो बुला रहे हो. फालतू पैसा लगेगा.”

“राहू द्या,” मी म्हणाले.

पुढे नोकरी संपेपर्यंत मी तसंच लिहीत आले. तारा मागे पडून फोन आले तेव्हा फोनवरही पहिल्यांदा तेच सांगत असे. माणूस जिवंत असेल तर तसं लिहावं. एक शब्द जास्त पडतो.